दोन काठ्या

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी पावसाळा, शाळेची कामं, लेकीचं ॲडमिशन... ब्लॉग तसाच पडून राहिला. दोघा-तिघांनी विचारलंसुद्धा, बंद केलास की काय म्हणून. नाही केला.

आजचा विषय माझ्या काठ्या. दोन. गेल्या वर्षभरात ज्यांनी मला प्रत्यक्ष पाहिलंय त्यांना त्या माहीत आहेत. ज्यांनी नुसतं ऐकलंय त्यांच्यापर्यंत त्या बऱ्याच तिखटमीठ लावून पोचल्यात असं दिसतं. परवा परभणीहून एका लांबच्या काकूंचा फोन आला, "अगं, तू कुबड्यांवर आलीस म्हणे!" म्हटलं, आता एकदा सगळं लिहूनच टाकावं, म्हणजे प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सुरुवात करायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे माणसाने माणसाची काठी व्हावं याचं भारी कौतुक. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, सून चांगली निघाली की ती काठी, नातू मोठा झाला की तो. पण ज्याला चालायला आधार लागतो त्याने दुकानात जाऊन सरळ एक काठी विकत घ्यावी, हे मात्र कुणाला बघवत नाही. आणि माझ्या मते हे अगदी उलट असायला हवं.

आधी आजाराचं सांगते, कारण नाव घेतलं की लोक गप्प होतात किंवा भलतंच समजतात. मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर एक आवरण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. शरीराची प्रतिकारशक्तीच त्या आवरणावर उलटते आणि ते जागोजागी खराब होतं. मग मेंदूने पायाला धाडलेला निरोप उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो, कधी पोचतच नाही. संसर्गजन्य नाही. हा आजार साधारण विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. माझं निदान होईपर्यंत चाळिशी आली होती. नांदेडला एमआरआय, मग हैदराबादच्या वाऱ्या (आमच्या भागातलं कुठलंही मोठं दुखणं शेवटी हैदराबादलाच जातं), मग औषधं. ती चालू आहेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

चालण्याच्या बाबतीत मला तीन गोष्टींचा त्रास. डावा पाय थकला की पुढचा पंजा उचलला जात नाही, चवडा जमिनीला घासतो आणि मी अडखळते. दुसरं, तोल. अंधारात किंवा गर्दीत जमीन नक्की कुठे आहे ते पायाला कळत नाही. आणि तिसरं, थकवा. हा थकवा समजावून सांगणं फार अवघड आहे. "आम्हीपण दमतो की गं" असं ऐकायला मिळतं. तुमचा थकवा म्हणजे दिवसभर वापरून मोबाईलची बॅटरी संपते तसा. माझी बॅटरी सकाळी पूर्ण भरलेली दाखवते आणि अकरा वाजता फोन बंद पडतो.

निदानानंतरची जवळजवळ तीन वर्षं माझी काठी होती माझी लेक. तेव्हा ती आठवीत. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि मला हात द्यायची. माझ्या डाव्या बाजूला चालायची, फाट्यावरच्या सगळ्या खड्ड्यांची तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती. कोथिंबीर आणायची असो, दवाखाना असो, कुणाकडे हळदीकुंकू असो, ती बरोबर. सगळे म्हणायचे, पोरगी किती गुणाची, आईची काठी झाली बघा. ऐकायला छान वाटतं. पण हिशोब कुणी केला नाही. तिची शाळेची सहल, मैत्रिणींचे वाढदिवस, संध्याकाळचं खेळणं, सगळं माझ्या वेळेशी बांधलेलं. आणि ती घरी नसेल तेव्हा मी ओट्यावर बसून. फाट्यापर्यंत पाचशे पावलं असतील, तेवढ्यासाठी मी तिच्या येण्याची वाट बघत बसायची. आईला आधार देणाऱ्या मुलीचं कौतुक करायला काहीच लागत नाही, पण त्या कौतुकाचं बिल ती मुलगी भरते.

दहावीनंतर तिला लातूरला शिकायला जायचं होतं. ती स्वतः एका शब्दाने बोलली नाही. मला कळलं ते तिच्या मैत्रिणीच्या आईकडून. "ती म्हणते मी नांदेडलाच बघते, आईला कोण नेणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही एवढंच सांगते.

पुढच्या तपासणीला मी फिजिओथेरपिस्टना सरळ विचारलं, एकटीने चालायला काय लागेल? त्यांनी मला त्यांच्या हॉलमध्ये तीन प्रकारे चालवून पाहिलं. नुसतं, एका काठीने, आणि दोन काठ्यांनी. डोंगर चढणारी पोरं वापरतात तसल्या, आत-बाहेर सरकणाऱ्या, ॲल्युमिनियमच्या. दोन काठ्यांनी मी हॉलच्या चार फेऱ्या मारल्या आणि खुर्चीत बसायचं विसरले.

आता जरा तपशीलात जाते, कारण ब्लॉग वाचणाऱ्यांत दोघी जणी अशा आहेत ज्यांना याचा उपयोग होईल.

आपली नेहमीची वाकड्या मुठीची काठी वाईट नाही. एका गुडघ्याचं किंवा एका खुब्याचं दुखणं असेल तर तीच बरी. फक्त ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असते, म्हणजे डावा पाय दुखत असेल तर उजव्या हातात, आणि दुखरा पाय पुढे पडतो त्याच वेळी ती टेकायची. (सिनेमात लंगडणारा माणूस बहुतेक वेळा त्याच बाजूला धरतो. बघा आता, एकदा कळलं की सारखं दिसतं.) पण माझ्यासारख्याचा प्रश्न एका पायाचा नसून तोल आणि दमणुकीचा असतो. एका काठीवर शरीर एका अंगाला झुकतं, खांदा वर चढतो, संध्याकाळी मान आणि कंबर बोलायला लागते. दोन काठ्यांनी माणूस सरळ उभा राहतो. डावा पाय आणि उजवी काठी, उजवा पाय आणि डावी काठी, म्हणजे आपले हात चालताना एरवी जसे हलतात तसेच. पायाचं थोडं काम हात वाटून घेतात. जमीन चार ठिकाणी कळते. पायाला नाही कळलं तरी तळहाताला कळतं.

ही कल्पना माझ्या फिजिओची नाही. फिनलंडमध्ये बर्फावर स्की करणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना काठ्या घेऊन चालण्याचा सराव करायचे. १९९७ च्या सुमारास तिथे खास चालण्यासाठी म्हणून काठ्या निघाल्या आणि साधी माणसंसुद्धा फुटपाथवर त्या घेऊन फिरायला लागली. तिथून ते जगभर गेलं. पार्किन्सन्सच्या आणि आमच्यासारख्या रुग्णांनाही काही ठिकाणी ते शिकवतात. बर्फ वितळल्यावर काय करायचं या प्रश्नातून निघालेली वस्तू वारंगा फाट्याच्या उन्हात उपयोगी पडते, याची मला गंमत वाटते.

घेताना काय बघायचं? लांबी. कोपर काटकोनाच्या जवळपास येईल एवढी. मी पाच फूट एक इंच, माझी १०५ सेंटिमीटरवर बसते. चढाला थोडी कमी करायची, उताराला थोडी वाढवायची. दुसरं म्हणजे लांबी घट्ट करायची पद्धत. फिरवून घट्ट होणाऱ्या असतात आणि खटक्याच्या असतात. खटक्याच्याच घ्या. वाईट दिवशी बोटांत पिळायची ताकद नसते, आणि अर्धवट पिळलेली काठी भर टाकला की आत जाते. तिसरं, टोक. मूळ टोक धातूचं, ते मुरमाड वाटेवर छान आणि शहाबादी फरशीवर घात. त्यावर रबरी टोपी बसवायची. ती झिजली की लगेच बदलायची, चपलेसारखी "अजून चालतेय" म्हणायचं नाही. पावसाळ्यात काळ्या रानात उतरायचं असेल तर टोकाच्या वर प्लास्टिकची चकती लावायची, नाहीतर काठी वीतभर रुतते आणि आपण तिला उपटत बसतो. एरवी चकती काढून ठेवावी, साडीच्या निऱ्यांत अडकते.

आणि मुठीचा पट्टा. हात त्यात खालून वर घालायचा, म्हणजे भार मनगटावर येतो आणि मूठ आवळून धरावी लागत नाही. पण जिन्यात आणि वाहनांच्या गर्दीत हात पट्ट्यातून मोकळा ठेवावा, कारण पडलो तर अडकलेल्या काठीने अंगठा मोडतो.

सगळ्यात महत्त्वाचं हे, की या काठ्या तोलासाठी आहेत, अंगाचा सगळा भार टाकण्यासाठी नाहीत. तेवढा भार टाकावा लागत असेल तर कोपराला धरणाऱ्या कुबड्या किंवा वॉकर लागतो. ते ठरवायला तपासून घ्या, माझ्या ब्लॉगवरून ठरवू नका.

तोट्याचंही लिहायला हवं. दोन्ही हात गुंततात. छत्री धरता येत नाही, रेनकोट लागतो. पिशवी धरता येत नाही, म्हणून शाळेतल्या पोरांसारखं पाठीला दप्तर. एसटीच्या पहिल्या पायरीवर दोन्ही काठ्या एका हातात घेऊन दुसऱ्याने दांडा धरावा लागतो, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी "चला, चला" करतंच. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात खाली उतरायच्या अरुंद पायऱ्यांवर तर काठ्यांचा काहीच उपयोग नाही. मी वरूनच नमस्कार करते, देवाला चालतं असं धरून चालते. एका दुसऱ्या देवळात मला काठ्या चपलांबरोबर बाहेर ठेवा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, ठेवते, मग मला आत उचलून न्या. नेलं नाही, पण काठ्या मात्र आत गेल्या.

आणि कुत्री! आमच्या फाट्यावरच्या कुत्र्यांना एक काठी घेतलेला माणूस ओळखीचा आहे. दोन काठ्यांची बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. पहिले पंधरा दिवस मिरवणूकच होती.

माणसांचं त्याहून अवघड.

फाटा म्हणजे कसा, तर चहूकडची माणसं इथे येऊन गाडी बदलतात. नांदेड चाळीसेक किलोमीटर, इकडे बाळापूर-कळमनुरी-हिंगोली, तिकडे हदगाव-उमरखेड करत यवतमाळ. लोक उतरतात, गरम खिचडी खातात, पुढची गाडी येईपर्यंत इकडे-तिकडे बघत बसतात. बघायला काही हवं असतं. तर मी. "कामून बाई, डोंगर चढायचाय का?" हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. सगळ्यात प्रेमळ प्रश्न एका केळीवाल्या आजोबांचा, "पोरी, तुझं वय काय, माझं काय, आन् काठी तुझ्या हातात?" त्यांना मी पाच मिनिटं उभं राहून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मलापण दोन लागतेल बहुतेक." 

शाळेतल्या पोरांना फक्त दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी सगळे टकामका बघत होते, दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं की बाई, मधल्या सुट्टीत स्टंप म्हणून देता का? तिसरा स्टंप नसल्यामुळे बेत बारगळला.

घरात आमच्या आत्याबाईंना (म्हणजे सासूबाईंना) पंचाहत्तरी ओलांडल्यापासून काठी आहे. मामंजींची वेळूची. ती त्यांना शोभते असं सगळे म्हणतात. कुणी त्यांना कधी विचारलं नाही की काल तर तुम्ही बिनकाठीच्या अंगणात गेला होतात, मग आज काठी कशाला? मला हे आठवड्यातून एकदा विचारलं जातं. वय झालेल्या माणसाच्या हातातली काठी लोकांना पटते, कारण तिची गोष्ट त्यांना माहीत असते. माझ्या वयाची बाई कधी काठीशिवाय चालते, कधी एकीने, कधी दोघींनी. या गोष्टीला त्यांच्याकडे कप्पा नाही. मग उरतो एकच कप्पा, नाटक.

यावर मी जरा जोरात बोलणार आहे. हा आजारच असा आहे की दिवस सारखे नसतात. उन्हाचंच घ्या. १८९० साली ऊटहोफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने लिहून ठेवलंय की अशा रुग्णांची नजर श्रमाने तात्पुरती मंदावते. पुढे लक्षात आलं की खरं कारण अंगातली उष्णता. आवरण खराब झालेल्या तंतूतून निरोप जेमतेम जात असतो, अंग थोडं तापलं की तोही अडतो. अंग गार झालं की पुन्हा चालू. म्हणजे नवीन काही बिघडलेलं नसतं. आता आमचा मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. सकाळी सात वाजता मी बिनकाठीची झाडांना पाणी घालते. दुपारी एक वाजता तीच मी मोरीपर्यंत दोन्ही काठ्यांनी जाते. संध्याकाळी डोक्यावरून गार पाणी घेतलं की पुन्हा बरी. ज्याने सकाळचीच पाहिली तो म्हणणार ठणठणीत आहे. ज्याने दुपारची पाहिली तो म्हणणार संपलं. दोघांनीही तपासायला येऊ नये. आज काय लागणार ते सकाळी उठल्यावर माझं मलाच उमगतं, आणि तेही दर वेळी नाही.

चष्मा फक्त वाचताना लावणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

सरकारी कागदसुद्धा या बाबतीत शेजाऱ्यांसारखाच. एक मान्य करायला हवं, की १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्स नावानिशी आले. हे मोठं काम झालं. पण बहुतेक सवलतींची रेघ ४० टक्क्यांवर आहे, आणि टक्के मोजले जातात एका दिवशी, काही मिनिटांत. मला बोलावलं ते डिसेंबरातल्या सकाळी. गारवा होता, रात्री झोप चांगली झाली होती, मी छान चालले. एप्रिलच्या दुपारी बोलावलं असतं तर वेगळीच बाई दिसली असती. एसटीची ७५ टक्के सवलत हुकली म्हणून रडत नाही, मार्च २०२३ पासून बाईमाणसाला तसंही अर्धंच तिकीट आहे! पण चढउतार हेच ज्या आजाराचं लक्षण, तो एका सकाळी मोजायचा, यात काहीतरी चुकतंय. निदान दोन वेगवेगळ्या ऋतूंत तरी बोलवा.

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल. सोळाव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचं सगळं गेलं, आणि पुढे कोल्हापुरात त्यांनी केवढं काम उभं केलं. त्यांच्या त्रासाशी माझी तुलनाच नाही. पण वाचताना मनात आलं, खुर्चीबद्दल निदान शंका तरी कुणी घेत नाही. काठ्या येतात-जातात, म्हणून त्या दर वेळी नव्याने सिद्ध कराव्या लागतात.

आता गांधीजी. त्यांच्या हातातली उंच काठी सगळ्यांना पाठ आहे. १९३० साली साठीत असताना साबरमतीहून दांडीला चालत गेले, तेव्हा हातात होती ती. ती काठी त्यांना आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी दिली होती. कुणी म्हटलं नाही की काठी घेतली, म्हणजे म्हातारा थकला. उलट त्या काठीचे पुतळे झाले. पण शेवटच्या काळात ते मनुबेन आणि आभाबेन यांच्या खांद्यांवर हात ठेवून चालायचे, आणि त्यांना आपल्या काठ्याच म्हणायचे. मला स्वतःला दांडीवाली काठी जास्त आवडते. ती कोपऱ्यात उभी करून ठेवता येते. तिला तिचं काही आयुष्य नसतं जे आपल्यासाठी थांबलंय. मनुबेन तेव्हा विशीचीही नव्हती.

मदत नको असं मी म्हणत नाहीये. चौपदरी झाल्यापासून फाट्यावरचा रस्ता ओलांडायला मला अजूनही कुणीतरी लागतं. चालत ओलांडणाऱ्याचा विचार त्या रस्त्यात फारसा नाहीच. दुभाजकाला कुठे फट आहे तिथून धडधाकट माणसंसुद्धा जीव मुठीत घेऊन पळतात, आणि मला पळता येत नाही. तिथे मी थांबते आणि जो दिसेल त्याला म्हणते, दादा, जरा बरोबर चला. दर वेळी कुणीतरी येतं. हात लागेल तिथे मागावा. पण कोथिंबिरीसाठी मागावा लागू नये.

लेक जूनमध्ये लातूरला गेली. त्यावर आमच्याकडे जे बोललं गेलं ते असं, "पोरीला पाठवून दिली, म्हणून हिच्यावर काठ्या घ्यायची वेळ आली." क्रम उलटा आहे, मंडळी. काठ्या आधी आल्या. सहा महिने मी त्या घेऊन एकटी शाळेत गेले, बाजार केला, नांदेडला जाऊन आले, आणि हे सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा तिने फॉर्म भरला. आता दर रविवारी फोनवर विचारते, "आई, आज किती पावलं?" मी दोन-चारशे वाढवून सांगते. ती दोन-चारशे वजा करून ऐकते.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं, फेब्रुवारीत लग्न आहे. वहिनीचा फोन आला होता. (वहिनी, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. तुला आधी फोनवर विचारलंय, लिहू का म्हणून. तू म्हणालीस, लिही, नाव नको.) तिने फार आढेवेढे घेत विचारलं, मांडवात येताना काठ्या गाडीतच ठेवल्या तर चालतील का? "तुला धरायला मी दोन पोरी देते ना, दिवसभर तुझ्या बरोबर राहतील." पाहुण्यांकडचे विचारतील, काय झालंय, घराण्यात काही आहे का.

मला राग नाही आला. ही भीती खोटी नाही. सोयरीक जुळताना लोक काय काय विचारतात ते मी शाळेतल्या मोठ्या मुलींच्या बाबतीत रोज बघते, आणि आईच्या जागी मी असते तर मलाही धडकी भरली असती. म्हणून आधी माहिती. हा आजार आईबापाकडून सरळ पोरांत उतरतो तसा नाही. अगदी जवळच्या रक्ताच्या नात्यात शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण तीही कमीच, आणि आत्याकडून भाचीकडे म्हणजे त्याहून कमी. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठव. मी रोज वीस पोरांना पाढे शिकवते, एका व्याह्यांना एवढं समजावणं मला जड नाही.

पण पोरी नकोत. त्या दोन पोरी कोण असतील मला माहीत आहे, एक बारावीची आणि एक नुकती नोकरीला लागलेली. दोघींना त्या दिवशी नाचायचं असेल, फोटो काढायचे असतील, नवऱ्या मुलाचे बूट लपवायचे असतील. त्यांनी माझा हात धरून बसायचं आणि लोकांनी म्हणायचं, पोरी किती गुणाच्या. त्यात माझ्या काठ्या लपतील, पण माझं चालणं लपणार नाही. हात धरलेला दिसतो की लोकांना. मग काठी लपवून नक्की काय लपलं?

आणि दुसरं म्हणजे, तिच्या सासरच्यांनी मला आज मांडवात नाही पाहिलं तर पुढे दिवाळीला, बारशाला, कधीतरी पाहतीलच. तेव्हा ते विचारतील की आधी का नाही सांगितलं, आणि तो प्रश्न मला नाही, तुझ्या लेकीला विचारतील.

तेव्हा मी येतेय, दोन्ही काठ्या घेऊन. काळ्या आहेत, शुभकार्यात काळं नको असं कुणी म्हणालं तर त्यांना शालूच्या रंगाची लेस गुंडाळ, माझी अजिबात हरकत नाही. अक्षता टाकताना काठ्या मनगटाला पट्ट्याने लटकतात, हात मोकळे राहतात. नमस्कारही तसाच करता येतो, आरशासमोर करून पाहिलाय. आहेर पाठीवरच्या दप्तरातून आणीन, तेवढं हसून घ्या.

फक्त मुहूर्त दुपारचा आहे म्हणून एक काम कर. कूलरच्या जवळची, हाताची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेव, आणि भटजींना म्हणावं, मंगलाष्टकं सात-आठच असू द्या.